स्केटिंगच्या ड्रेसवर खडे कसे लावायचे, आणि ते गळतात का

आजचा विषय कळल्यापासून माझ्या दोन जुन्या सहकाऱ्यांचे फोन येऊन गेले. "सर, आता फ्रॉकला खडे चिकटवता म्हणे?" हो, चिकटवतो. नात गुरुग्रामला बर्फावर फिगर स्केटिंग शिकते. तिच्या आईला नोकरीतून वेळ मिळत नाही आणि आजीचे डोळे बारीक कामाला साथ देत नाहीत. उरलो मी. सैन्याच्या ईएमई दलात, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि यांत्रिकी अभियंत्यांत, तीस वर्षांवर नोकरी झाली. रबरी सील, ब्रेकचे लायनिंग, गळक्या टाक्या यांच्यामुळे गोंद या वस्तूशी माझी जुनी ओळख आहे. ड्रेसवर खडा बसवणे हे मुळात त्याच जातीचे काम आहे.

एक गंमत मात्र खरी. कॅमोफ्लाजच्या पहिल्याच धड्यात आम्हांला शिकवले होते की वस्तू डोळ्यांत भरते ती आकार, सावली, चकाकी, हालचाल आणि सारख्या अंतरावरची मांडणी यांमुळे. जन्मभर या पाचही गोष्टी लपवल्या, आता त्याच मुद्दाम दाखवायच्या आहेत. धडा तोच आहे, फक्त उलटा वाचायचा. पुढे खडे कुठे लावायचे याकडे येऊ तेव्हा तो उपयोगी पडेल.

आपल्याकडे बर्फाची मैदाने थोडी आहेत. शिमल्याचे नैसर्गिक बर्फाचे रिंक १९२० पासून चालते, पण ते थंडीपुरतेच. लेहला तळी गोठली की खेळ सुरू होतो. आम्ही राहतो त्या देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी मोठे बंदिस्त रिंक बांधले, ते पुढे बरीच वर्षे बंद होते आणि २०२५ मध्ये पुन्हा उघडले. बाकी देशभर मुले चाकांच्या स्केटवर कलात्मक स्केटिंग करतात. त्यात आपण मागे नाही. हैदराबादच्या अनूप कुमार यामाने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत पदके मिळवली. ड्रेस दोन्हीकडे सारखाच असतो, त्यामुळे पुण्या-नागपुरात, बेळगावात किंवा इंदुरात रोलरवाली मुलगी असेल तरी हे सगळे तिला लागू आहे.

आता सर्वांत आधी, खडा गळला तर काय बिघडते ते पाहू. कारण पालक याकडे शोभेचा प्रश्न म्हणून बघतात.

फिगर स्केटच्या पात्याची जाडी सुमारे चार मिलिमीटर असते. ड्रेसवर सर्रास वापरतात तो मधल्या आकाराचा खडाही साधारण चार मिलिमीटरचा असतो. बर्फावर पडलेला पारदर्शक खडा दिसत नाही. एका पायावर, पात्याच्या एका कडेवर तोल सांभाळत मागे मागे जाणारी मुलगी त्यावरून गेली की पाते अडकते आणि बाकी शरीर पुढे जाते. एका स्पर्धेच्या सरावाच्या वेळी मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. एकेका गटात सहा मुली एकदम बर्फावर उतरतात. त्यांतल्या कुणाच्या तरी ड्रेसचा खडा पडला आणि भलतीच मुलगी त्यावर पडली. मनगट मोडले. वर्षभराची तयारी तिथेच संपली, आणि खडा कुणाचा होता ते कुणालाच कळले नाही.

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या नियमात पोशाखाचा किंवा सजावटीचा भाग बर्फावर पडला तर एक गुण कापतात. तो गुण ज्याचा खडा पडला त्याचा जातो. पण पुढच्या मुलीचे जे जाते ते गुणांत मोजता येत नाही. म्हणून मी म्हणतो, हे काम सजावटीचे समजू नका, सुरक्षेचे समजा. पॅराशूट घडी घालणाऱ्या माणसाने जेवढे लक्ष द्यावे तेवढे इथे द्या.

खड्यांबद्दल थोडे. इंग्रजीत याला राइनस्टोन म्हणतात, कारण ऱ्हाइन नदीच्या पात्रात सापडणारे स्फटिकाचे गोटे मुळात यासाठी वापरत. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये जॉर्ज फ्रेदेरिक स्त्रास नावाच्या जवाहिऱ्याने काचेचे नकली हिरे इतके नावारूपाला आणले की युरोपातल्या कित्येक भाषांत अशा खड्याला आजही स्त्रास म्हणतात. मग बोहेमियातल्या गाब्लोंझ भागात, म्हणजे आजच्या चेक देशातल्या याब्लोनेत्समध्ये, काचेचा धंदा भरभराटीला आला. त्याच मुलुखातला डॅनियल स्वारोव्स्की. त्याने १८९२ मध्ये काचेला पैलू पाडणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि १८९५ मध्ये ऑस्ट्रियातल्या वाटेन्स गावी कारखाना काढला. हाताने एकेक पैलू घासायचे दिवस संपले. इंद्रधनुषी झाक असलेला एबी खडा, म्हणजे अरोरा बोरियालिस, १९५० च्या दशकातला. उत्तर ध्रुवाकडच्या प्रकाशझोतांवरून त्याला हे नाव पडले. काचेवर धातूचा अतिशय पातळ थर बसवला की ही झाक येते.

बाजारात गेलात की दुकानदार एसएस १०, एसएस १६, एसएस २० असे आकडे सांगेल. दहा म्हणजे पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास, सोळा म्हणजे चारच्या आसपास, वीस म्हणजे पावणेपाच आणि तीस म्हणजे साडेसहाला टेकणारा. विक्री ग्रोसवर होते, एक ग्रोस म्हणजे १४४ नग. मुंबईत भुलेश्वर, दिल्लीत चांदनी चौकातला किनारी बाजार, हैदराबादला लाड बाजार, सगळीकडे मिळतात. सपाट पाठीचा काचेचा खडा मागा. प्लास्टिकचा हलका आणि स्वस्त असतो, पण त्यावर लवकर ओरखडे येतात, चमक बेताची असते आणि काही गोंदांतल्या द्रावकाने तो तडकतो. स्वारोव्स्कीने २०२० च्या सुमारास किरकोळ कारागिरांसाठी सुट्या खड्यांच्या पुरवठ्यातून हात काढून घेतला. त्यामुळे आज त्या नावाने ढिगाने विकले जाणारे खडे डोळे झाकून घेऊ नका. चेक प्रेसिओसा चांगला. चिनी काचही हल्ली बरी येते, फक्त पाठीमागचा चंदेरी मुलामा नखाने खरवडून पाहा. सहज निघत असेल तर दुसऱ्या दुकानात जा.

आता मुख्य प्रश्न. खडा गळतो का?

बहुतेकांना वाटते, गिरकीच्या वेगाने उडून जातो. मीही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. प्रौढ, तरबेज स्केटर उडीत सेकंदाला पाच-एक फेऱ्या घेते. स्कर्टची कड अक्षापासून तीस सेंटिमीटरवर धरली तर तिथल्या खड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे तीसपट ओढ येते. आकडा ऐकायला भयंकर वाटतो. पण एसएस १६ चा एक ग्रोस स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला तर चार-साडेचार ग्रॅम भरतो, म्हणजे एक खडा ०.०३ ग्रॅमचा. तीसपट करूनही ही ओढ एका ग्रॅमच्या वजनाएवढी होत नाही. नीट वाळलेल्या गोंदाचा तेवढासा ठिपका त्याच्या शंभरपट सहज पेलेल. तेव्हा गिरकी निर्दोष आहे.

खरा गुन्हेगार ताण आहे. ड्रेसचे कापड लायक्राचे असते, अंगावर चढवले की सगळीकडे ताणले जाते. काच मात्र एक केसभरही ताणत नाही. कापड रुंदावते, खडा तेवढाच राहतो आणि सगळा ताण खड्याच्या कडेवर गोळा होतो. लिफाफ्यावरचे तिकीट सरळ वर ओढून निघत नाही, पण कोपरा उचलला की सोलून येते. तसाच खडा कडेकडून सोलला जातो. रोज थोडा. दीडशे वेळा ड्रेस घातला-काढला, हात वर नेला, पाठ वाकवली, की एक दिवस तो सुटतो. आणि तो सुटतो स्पर्धेच्याच दिवशी, कारण त्या दिवशी मुलगी जीव तोडून ताणलेली असते.

एवढे कळले की पुढचे बरेच निर्णय आपोआप होतात.

गोंद वाळल्यावर रबरासारखा लवचिक राहिला पाहिजे. क्षणात चिकटणारा गोंद, रसायनाच्या भाषेत सायनोअॅक्रिलेट, इथे अजिबात नको. तो काचेसारखा कडक होतो, कापड ताणले की तडकतो, त्याच्या वाफेने खड्याची पाठ धुरकट होते आणि कापडावर टणक डाग पडून अंगाला टोचतो. फिगर स्केटिंगचे रिंक थंड असते, बर्फाचा पृष्ठभाग उणे तीन-चार अंशांवर ठेवतात. कडक गोंद थंडीत आणखी ठिसूळ होतो. ई-६००० सारखे द्रावकात विरघळवलेले रबरी गोंद यासाठी जगभर वापरतात, पाण्यातले जेम-टॅकसारखेही चालतात. द्रावकवाल्याचा वास उग्र असतो आणि तो फुप्फुसांना चांगला नाही. खिडक्या उघड्या, पंखा बाहेरच्या दिशेने, हातात नायट्राइलचे मोजे, आणि लहान मुले दुसऱ्या खोलीत. यांतले काही गोंद पेट घेणारे असतात, म्हणून देवघरातला दिवा किंवा उदबत्ती जवळ नको. पाण्यातल्या गोंदाला वास नाही, पण मुंबई-गोव्याच्या पावसाळी हवेत तो वाळायला दुप्पट वेळ घेतो असे धरून चाला.

इस्त्रीने बसणाऱ्या खड्यांविषयी बंगळुरूहून एका आईने विचारले आहे. हॉटफिक्स म्हणतात त्यांना. पाठीला घन गोंद असतो, उष्णता दिली की वितळतो. आपल्याकडे लाखेच्या बांगडीवर लाख तापवून खडे बसवतात, तत्त्व तेच. सुती कापडावर उत्तम. लायक्राला मात्र जास्त उष्णता सोसत नाही, मखमलीची लव बसते आणि पातळ जाळी आक्रसते. तापमान नेमके राखता येणारा कारागीर हे करू शकतो. घरी पहिल्यांदा करणाऱ्याने थंड गोंदच वापरावा असे माझे मत आहे.

आकाराचेही तसेच. मोठ्या खड्याखाली ताणणारे कापड जास्त, म्हणून कडेवर ताण जास्त. छाती, पाठ, कंबर या ताणणाऱ्या भागांत सोळा-वीसच्या वर जाऊ नका. तीसचे मोजके खडे गळ्याच्या पट्टीवर, जिथे शिंप्याने आतून न ताणणारे अस्तर दिले आहे तिथे लावा. भोकांचे मोठे थेंबासारखे खडे असतील तर ते शिवायचे, आणि प्रत्येक खड्याची गाठ वेगळी मारायची. एकाच धाग्यात दहा ओवले तर धागा तुटल्यावर दहाही जातात. खड्यांची धातूची साखळी ताणणाऱ्या कडेवर कधीच नको, साखळी ताणत नाही आणि तिच्या नख्या जाळी फाडतात.

लावायचे कुठे, त्यापेक्षा कुठे लावायचे नाही ते आधी ठरवा. मुलीला ड्रेस घालून घरातच तिचा पूर्ण कार्यक्रम कोरडा करायला सांगा, बूट न घालता. हात कुठे घासतो, पाय हाताने कुठे पकडते ते पाहा. डेनिस बीलमान या स्विस विश्वविजेतीच्या नावाची गिरकी तुम्ही पाहिली असेल, पाय मागून डोक्यावर ओढून घेतात. त्यात पाते पाठीजवळून जाते. काखेखाली, दंडाच्या आतल्या बाजूला, मांड्यांच्या मध्ये आणि बसून गिरकी घेताना जिथे पोट आणि मांडी एकत्र येते तिथे खडे नकोत. जोडीचे स्केटिंग असेल तर जोडीदार जिथे धरतो ती कंबर मोकळी सोडा. काचेवर हात घसरतो आणि ती उंचावर असते. खडूने या जागांवर फुली मारून ठेवा.

उरलेल्या जागी सगळीकडे सारखे खडे पेरू नका. कॅमोफ्लाजचा धडा इथे येतो. पूर्ण आकाराचे रिंक साठ मीटर लांब आणि तीस रुंद असते. दहाचे बारीक खडे पलीकडच्या कठड्यावरून दिसतच नाहीत, नुसती भुकटी वाटते. खड्याचा प्रत्येक पैलू म्हणजे एक छोटा आरसा. जुन्या काळी सैन्यात हेलिओग्राफने सूर्याचा कवडसा पाडून डोंगरावरून डोंगरावर संदेश पाठवत. आरसा किंचित हलला तरी कवडसा नाहीसा होई. खडाही विशिष्ट कोनातच लखलखतो. शरीर गोल असल्यामुळे प्रत्येक खडा वेगळ्या दिशेला तोंड करून असतो, मुलगी वळली की लकाकी एका खड्यावरून दुसऱ्यावर धावत जाते. त्यासाठी खड्यांमध्ये काळी जागा लागते. गच्च भरले तर नुसता पांढरा पट्टा दिसतो. म्हणून गळ्याजवळ दाट, खाली येता येता विरळ, आणि स्कर्टवर चांदण्यांसारखे तुरळक. मोठे आधी ठेवायचे, मग त्यांच्या आसपास लहान. लहान मुलीच्या ड्रेसला सात-आठ ग्रोस पुष्कळ झाले. प्रसिद्ध ड्रेस डिझायनर वेरा वांग ही स्वतः तरुणपणी स्पर्धेत उतरणारी स्केटर होती. तिने १९९२ आणि १९९४ च्या ऑलिंपिकसाठी नॅन्सी केरिगनचे पोशाख केले. ते पाहा, चमक कुठे थांबवायची हे त्यांतून कळते.

आता हात चालवू. कापड आधी साध्या थंड पाण्यात धुऊन वाळवा. नव्या कापडावर मऊपणासाठी लावलेला थर असतो, त्यावर गोंद नीट धरत नाही. शिंप्याकडून त्याच कापडाचा तुकडा मागून घ्या आणि त्यावर पाच खडे लावून तीन दिवस थांबा. मग तो ताणा, धुवा, पुन्हा ताणा. पाचही राहिले तर पुढे चला.

ड्रेस सैल पडलेला असताना खडे लावायचे नाहीत. तो अंगावर जितका ताणतो त्याहून थोडा कमी ताणून धरायचा. शिवणाऱ्यांकडचा पुतळा मिळाला तर छान. आम्ही जुन्या उशीला गुंडाळून तिच्या मापाचे धड केले, वर प्लास्टिक लपेटले आणि ड्रेस चढवला. प्लास्टिक आवश्यक आहे, कारण जाळीतून गोंद खाली उतरतो आणि पुढचा भाग मागच्याला चिकटतो.

गोंद ट्यूबमधून थेट नको. औषधाच्या दुकानातली सिरिंज घ्या, पुढे जाड बोथट सुई. ठिपका खड्याहून थोडा लहान हवा. खडा ठेवून हलके दाबला की गोंद कडेला बारीक वर्तुळासारखा दिसला पाहिजे. ते वर्तुळ म्हणजेच कडेचे संरक्षण. ते दिसत नसेल तर गोंद कमी, खड्याच्या तोंडावर चढला तर जास्त. खडा उचलायला टूथपिकच्या टोकाला मेणाची गोळी लावा, चिमट्याने तो हमखास उलटा पडतो. एका वेळी दहा-बारा ठिपक्यांपेक्षा पुढे जाऊ नका, वर साय धरते. एकदा ठेवलेला खडा सरकवायचा नाही. वाकडा बसला तर वाकडाच राहू द्या, रिंकवरून कुणाला दिसत नाही. एका बैठकीत मी दोन ग्रोस करतो, मग डोळे आणि मान दोन्ही संप करतात.

चोवीस तास हात लावायचा नाही आणि पूर्ण तीन दिवस तो अंगावर चढवायचा नाही. हे तीन दिवस सगळ्यांत अवघड. स्पर्धेच्या आदल्या रात्री खडे लावणारे पालक मी पाहिले आहेत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त सांगतो की त्यापेक्षा बिनखड्याचा ड्रेस घाला. परीक्षक कमी गुण देणार नाहीत. नियमाची अपेक्षा एवढीच आहे की पोशाख खेळाला शोभेल असा, सभ्य असावा, भडक नसावा.

वाळल्यावर तपासणी. ड्रेस दोन्ही हातांनी ताणून प्रत्येक खड्याची कड नखाने हलकेच उचलून पाहायची. जो हलेल तो काढून टाका, खालचा जुना गोंद खरवडा आणि नवा लावा. जुन्यावर नवा थर देऊ नका. मग मुलीला घालायला देऊन घरातच उड्या मारायला लावा, खाली गडद चादर पसरून. आमच्याकडे पहिल्या खेपेला चादरीवर तीन सापडले. दुसऱ्या खेपेला एकही नाही, तेव्हा ड्रेस पिशवीत गेला.

हुक आणि बंद यांचीही याच वेळी परेड घ्या. २०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये फ्रान्सच्या गॅब्रिएला पापाडाकिसच्या मानेमागचा बंद कार्यक्रम सुरू असताना निघाला. तिने आणि तिच्या जोडीदाराने नाच पूर्ण केला आणि शेवटी रौप्य मिळवले, पण सुवर्ण एका गुणाहून कमी फरकाने हुकले.

स्पर्धेच्या दिवशी डब्यात सिरिंज नेऊ नका. आयत्या वेळी लावलेला खडा वाळत नाही, तो पडणारच. सैल दिसला तर कात्रीच्या टोकाने काढून टाका. सुई, कापडाच्या रंगाचा धागा, कात्री आणि दोन सेफ्टी पिना एवढेच पुरे. आणि बर्फावर उतरण्याआधी मुलीला कठड्याबाहेर दोन उड्या मारायला सांगा. पडायचे ते तिथे पडेल.

घामाने गोंदाचे फार बिघडत नाही, धुण्याने बिघडते. ड्रेस उलटा करून, थंड पाण्यात, सौम्य साबणाने, हाताने. पिळायचा नाही, जाड टॉवेलात गुंडाळून दाबायचा आणि सावलीत आडवा वाळवायचा. ड्रायक्लीनला देऊ नका, तिथले द्रावक गोंदच विरघळवते. ठेवताना खडे आत येतील अशी घडी घालून सुती पिशवीत ठेवा. इस्त्री नाही.

मुली भराभर वाढतात, वर्ष-दीड वर्षात ड्रेस तोकडा होतो. तो मागच्या मुलीला जरूर द्या, हा खर्च सगळ्यांना झेपत नाही. देण्याआधी वरची नखाची तपासणी पुन्हा एकदा करा, कारण नव्या मुलीच्या अंगावर कापड वेगळ्या जागी ताणणार. सोबत त्याच आकाराचे वीस-पंचवीस उरलेले खडे एका लहान पाकिटात घाला आणि पाकिटावर गोंदाचे नाव व खडे लावल्याची तारीख लिहा.